तांब्याची चिठ्ठी

माझ्या हिरव्या ट्रंकेला नावं ठेवणारे आमच्या वस्तीत ढीगभर होते, आणि त्यात पहिला नंबर माझ्या वडिलांचा. "मास्तरीनबाईंनी भंगाराचं दुकान टाकलंय, फुटकं-तुटकं आना रं," असं आबा तक्क्यात बसून चारचौघांत म्हणायचे आणि माणसं फिदीफिदी हसायची. तक्क्या म्हणजे आमच्या वस्तीची बसाउठायची एक खोली. धर्मांतरानंतर तिथं बुद्धाची तसबीर लागली, शेजारी कोट घातलेल्या साहेबांचा फोटो लागला, आणि त्या दोघांच्या खाली मी माझी वसतिगृहातली पत्र्याची ट्रंक नेऊन ठेवली. त्या हसण्याचा मला भयंकर राग यायचा. माझा राग तसा पहिल्यापासून नाकाच्या शेंड्यावर. पण त्याच हसणाऱ्यांनी पुढं काय काय आणून दिलं ते आठवलं की वाटतं, हसा बाबांनो, अजून हसा, तुमचे उपकार फिटायचे नाहीत.

गाव आमचं प्रवरेच्या काठी, कोल्हारच्या खालच्या अंगाला. बहात्तरचा दुष्काळ पडला त्या वर्षी मी नगरच्या अध्यापिका विद्यालयातून शिकून गावापासून दोन मैलांवरच्या शाळेत लागले होते. ट्रंकेचं खूळ मी नगरहूनच आणलं. ते ज्यांनी माझ्या डोक्यात घातलं त्या बाई अमेरिकेच्या होत्या.

माझ्या शेवटच्या वर्षी त्या आम्हाला इंग्रजी शिकवायला आल्या होत्या. अमेरिकेची बाई येणार म्हणून आम्ही मुली सोनेरी केस बघायला फाटकाशी गर्दी करून उभ्या राहिलो, आणि टांग्यातून उतरल्या त्या माझ्याहूनही काळ्या, उंचनिंच, दाट कुरळ्या केसांच्या बाई. आमच्यातली एक पचकली, "अय्या, ही तर आपल्यातलीच!" आम्ही तोंडाला पदर लावून हसलो. ती हसण्यावारी बोलली ते किती खरं होतं, हे मला बरंच नंतर कळलं.

मी त्यांना रविवारी मराठी शिकवायची आणि त्या मला दूध न घातलेला कडवट चहा पाजायच्या. अशाच एका रविवारी त्यांनी फोटोंची वही काढली. त्यांच्या माणसांना एके काळी गुलाम म्हणून विकत होते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण गुलामी गेल्यावरही त्यांच्या शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, प्यायच्या पाण्याचे नळसुद्धा वेगळे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. "नळ?" मी दोनदा विचारलं. "नळ," त्या दोनदा म्हणाल्या. माझ्या हातातला चहा तसाच निवून गेला.

तो भेद मोडायला त्यांच्या लोकांनी मोर्चे काढले, मार खाल्ला, तुरुंगात गेले. आणि त्यांच्या गावच्या बायकांनी ठरवलं की हे सगळं जपून ठेवायचं. मोठ्या संग्रहालयांना त्यांचं सोयरसुतक नव्हतं. मग त्यांनी आपल्या चर्चच्या तळघरातली एक खोली झाडून घेतली आणि घरोघर निरोप दिला, की असेल ते आणा. पत्रं आली, फोटो आले, मोर्चात चालून झिजलेला बूट आला. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची: वस्तू कुणाची, दिली कुणी, घडलं काय. आणि जे घडलं ते देणाऱ्याच्या तोंडचं, जसंच्या तसं.

त्या वहीत एक फोटो लाकडी पाटीचा होता. नळावरची पाटी. कुठल्या रंगाच्या माणसानं इथं प्यायचं ते तीवर लिहिलेलं. मी भडकलेच. "ही कशाला ठेवलीत? चुलीत घालायची नाही का?"

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जाळली असती, तर माझ्या नातवंडांनी मला खोटारडी ठरवलं असतं."

एवढंच. पण माझ्या काळजात ते रुतून बसलं. आमच्या वस्तीनं काय सोसलं नव्हतं? आणि त्याचा कुठं एक कागद होता का? म्हातारी माणसं चालली होती एकेक करून, आणि आमची शाळेत जाणारी पोरं म्हणत होती, "काहीतरीच सांगता राव तुम्ही."

म्हणून ती ट्रंक. सुरुवातीला महिनाभर तिच्यात माझ्या हिवाळी शालीशिवाय काही नव्हतं. मग एका म्हातारीनं दीक्षेला नेसलेलं पांढरं लुगडं आणून दिलं, वर दम दिला, "मेल्यावर अंगावर घालायला ठिवलं हुतं, आता तुला दिलं, तवा जपून ऱ्हा." एकानं दीक्षेच्या गर्दीतलं रेल्वेचं तिकीट आणलं. जलशात गाणाऱ्या एका काकांनी फाटका डफ दिला आणि चिठ्ठीपायी मला तीन संध्याकाळी बसवून सगळी गाणी म्हणून दाखवली. गावातून पायांत वहाणा घालून जायची चोरी होती त्या काळात एकानं मुद्दाम घालून मिरवलेली वहाण आली, आणि तीही एकाच पायाची. दुसरी कुठं गेली विचारलं तर म्हणाला, "ती त्यांच्याकडं ऱ्हायली. पळताना कोन बघतंय?" आमचा एक रिवाज पडला. चिठ्ठी लिहून झाली की तक्क्यात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची. कुणी "चूक हाय" म्हणालं तर दुरुस्त करायची, मग देणाऱ्यानं अंगठा उठवायचा, आणि मगच दोरा बांधायचा.

सगळ्यांनी दिलं. दिलं नाही ते दोघांनी: आबांनी आणि मोठ्या आईनं.

मोठी आई म्हणजे माझी थोरली चुलती, आबांच्या थोरल्या भावाची बायको. त्या भावाला आम्ही नाना म्हणायचो. मी लहान असतानाच ते तापानं गेले. मोठ्या आईचं आणि आमचं घर एकाच भिंतीचं, पण ती आबांशी बोलत नव्हती. पंधरा-सोळा वर्षं झाली होती. आबा हातभर अंतरावर उभे असले तरी ती मला म्हणायची, "पोरी, सांग तुझ्या बापाला, शेळी सुटली." आबा शेळीला धरायचे आणि मला म्हणायचे, "सांग वहिनीला, बांधली." मी घरात नसले तर दोघं शेळीलाच सांगायचे. आम्हा पोरांना त्याची इतकी सवय झाली होती की त्यात काही वावगं आहे हेही विसरलो होतो. कारण विचारलं तर दोघांचीही दातखीळ बसायची.

त्या हिवाळ्यात बाई चार दिवसांसाठी आमच्या गावी आल्या. सगळी वस्ती मोठ्या आईच्या ओट्यावर लोटली. आमच्या लेखी तेव्हा अमेरिका म्हणजे रेशनवर मिळणारी लाल ज्वारी, मिलो. मोठ्या आईनं पहिला प्रश्न तोच टाकला. "ती तांबडी ज्वारी तुमी सोता खाता का वो?" मी ते इंग्रजीत करून सांगितलं. बाई जरा ओशाळल्या आणि खरं तेच बोलल्या, "आमच्याकडे ती गुरांना घालतात." मोठी आई म्हणाली, "वाटलंच हुतं मला, घास फिरत न्हाई तोंडात." आणि दोघी अशा हसल्या, अशा हसल्या, की मला भाषांतराचं कामच उरलं नाही.

मग बाईंनी नळांची गोष्ट सांगितली. मोठी आई ऐकत राहिली. मधेच तिनं हात पुढं करून बाईंचे केस चाचपले, तसाच तो हात त्यांच्या गालावरून फिरवला आणि म्हणाली, "तिकडं बी? बया बया! मला वाटलं आमचंच नशीब तेवढं." बाईंनी विचारलं, "तुम्ही ट्रंकेत काय देणार?"

"माझं देन्याजोगं एकच हुतं," ती म्हणाली. "ते डोहात हाय."

आणि जे मी चोवीस वर्षांत ऐकलं नव्हतं ते तिनं त्या परक्या बाईंना सांगितलं.

"लई मोठी लढाई न्हवती ती, बाई. आमी उन्हाचं बाजारावरनं येत हुतो. हे, मी आनि धाकले भावजी. डोक्यावर वझं, पायाला चटके. मला तहान लागली. गावाची बारव वाटंतच. आमी वर बसायचं आनि कुनी दया येऊन वतलं तर वंजळीनं प्यायचं, असा नेम. त्या दिवशी कुनीच यीना. हे म्हनले, 'बस तू.' आनि पितळी तांब्या घेऊन पायऱ्या उतरून गेले. सोता. तांब्या बुडवला. वरनं कुनीतरी दगड हानला, तांब्या हातातनं सुटला, पायरीवर आपटला, पोचा पडला. तर मागारी उतरले. पुन्यांदा भरला. वर येऊन माझ्या हातात दिला. म्हनले, 'पी. पानीच हाय.' मंग लई मारलं त्यास्नी. पन मी पिले, बाई. माझं पिऊन झाल्यावरच मारलं."

"आणि आबा?" मी विचारलं.

"काठावर उभं हुतं. पाय उचलना. वीस वर्साचं पोर ते, मी वाईट न्हाई मानलं. वाईट मानलं ते पुढच्याचं."

पुढचं असं होतं. नाना गेल्यावर तिनं तो पोचलेला तांब्या देव्हाऱ्यात ठेवला. रोज धुवायची, हळदीकुंकू वाहायची. मग धर्मांतर झालं. घरातले देव नदीत सोडायचे ठरलं आणि ते काम वस्तीनं आबांवर सोपवलं. आबा घोंगडी घेऊन घरोघर फिरले. कुणी टाक दिले, कुणी मुखवटे. मोठ्या आईच्या देव्हाऱ्यात शिरले तेव्हा त्यांनी तांब्याही उचलला. ती आडवी झाली, "त्यो देव न्हाई भावजी, तुमच्या भावाचा तांब्या हाय." आबा म्हणाले, "हळदकुंकू लागलं का देवच. एकाला सूट दिली तर समदे मागतील." आणि प्रवरेच्या डोहात, जिथं कधी कुणाला तळ लागला नव्हता तिथं, सगळ्या देवांबरोबर तो तांब्याही गेला.

"त्यांचा फोटू न्हाई, कागूद न्हाई," मोठी आई म्हणाली. "तेवढं एकच हुतं. त्याला त्यांचा हात लागल्याला."

मी रडत रडतच भाषांतर केलं. बाईंनीही डोळे पुसले आणि विचारलं, "ते दीर आता कुठे असतात?" मोठ्या आईनं हनुवटीनं भिंत दाखवली. "भितीपल्याड. खोकत्यात ते न्हाई का, तेच." आणि मघापासून पलीकडून येणारा खोकला एकदम थांबला.

बाई गेल्या. उन्हाळा आला आणि प्रवरा उघडी पडली. विहिरी खडखडीत, गुरं छावणीला, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला. कधी नाही तो डोहही आटत आटत चिखलाचं डबकं होऊन बसला. आबा दिवसभर खडी फोडायचे आणि कामावरून आले की भाकरी न खाता कुदळ नि घमेलं घेऊन नदीत उतरायचे. विचारलं तर म्हणायचे, "झिरा काढतोय." नदीच्या वाळूत खड्डा करून त्यात पाझरलेलं पाणी वाटीवाटीनं भरायचं, त्याला झिरा म्हणायचे, आणि तो त्या साली सगळेच काढत होते. पण आबांचा झिरा दर दोन दिवसांनी जागा बदलत होता. एक दिवस मी भाकरी घेऊन गेले तर कमरेएवढ्या गाळात उभे. काठावर चार-सहा टाक आणि एक शेंदरी मुखवटा काढून ठेवलेला.

"हे काय, आबा? देव परत आणताय का काय घरात?"

"देव न्हाई पायजेत मला," ते म्हणाले आणि ते टाक पुन्हा गाळात भिरकावून दिले. मला तेव्हा समजलं. खरं सांगते, इतका राग धरला होता मी मनात त्यांच्याबद्दल त्या हिवाळ्यापासून, आणि तो तिथंच त्या चिखलात विरघळला. त्यांच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. भाकरी ठेवली आणि पदर खोचून घमेलं उचलू लागले, तर ओरडले, "हो बाजूला! हे माझं काम हाय."

दोन महिने. लोक वेड्यात काढायला लागले. मोठी आई रोज नदीवरून पाणी आणायची. तिला दिसत होतं सगळं, पण तिनं शेळीलासुद्धा काही सांगितलं नाही.

वैशाखात एका तिसऱ्या प्रहरी आबा तक्क्यात आले. डोक्याचा पटका सोडलेला होता आणि त्याचं गाठोडं हातात. माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "घे. तुझ्या भंगारात."

काळाठिक्कर, तोंडापर्यंत गाळ भरलेला, एका अंगाला पोचा. मी राखेनं घासत बसले. घासता घासता गळ्याजवळ टिंबांटिंबांनी कोरलेलं नाव वर आलं. पूर्वी भांडं घेतलं की दुकानातच नाव घालून घ्यायचे तसं. नानांचं नाव. मी ते बोटानं तीनदा वाचलं.

आता माझी चूक सांगते. चिठ्ठी लिहायला बसले आणि हात आखडला. बाप होता माझा. बारव लिहिली, दगड लिहिला, दुसऱ्यांदा उतरले ते लिहिलं. आणि खाली लिहिलं, "पुढे हा तांब्या नदीत गेला. दुष्काळात सापडला." ज्या बाईंनी नळावरची पाटीसुद्धा जाळली नाही त्यांची मी शिष्या, आणि केलं काय तर सारवासारव!

संध्याकाळी वस्ती जमली. मोठी आई आली, दाराशी बसली, आणि तांब्याकडं न बघता भिंतीकडं बघत राहिली. मी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. मी शाईची डबी उघडणार तोच आबा बोलले.

"नदीत गेला? त्याला काय पाय हुते?"

माणसं हसली. आबा हसले नाहीत.

"नीट लिव्ह. धाकल्या भावानं डोहात टाकला. वहिनी आडवी झाली हुती, तरी टाकला. आनि बारवेवर त्यो भाऊ काठावरच उभा हुता, ते बी लिव्ह. त्यो तांब्या दिसला का त्याला आपले पाय आठवायचे. देवांचं निमित्त केलं आनि डोळ्याम्होरनं घालवला."

"आबा, हे कायम राहील. आपण गेल्यावरसुद्धा लोक वाचतील."

"वाचू देत. खरं हाय न्हवं? मंग लिव्ह."

मी लिहिलं. अक्षरं सगळी वाकडी आली. आयुष्यात मी कुणापुढं फारशी वाकले नाही, पण त्या क्षणी मला माझ्या अडाणी, हेकट बापाच्या पाया पडावंसं वाटलं.

"पोरी," मोठी आई म्हणाली. ती अजून भिंतीकडंच बघत होती. "खाली अजून एक वळ घाल. 'दोन महिनं गाळ उपसून त्याच भावानं काढला.' ते कोन लिव्हनार?"

मी तेही लिहिलं. पुन्हा सगळं वाचलं. देणाऱ्याचा अंगठा घ्यायचा होता. मी डबी मोठ्या आईपुढं धरली. तिनं अंगठा उठवला आणि डबी आबांच्या दिशेनं सरकवली. आबा माझ्याकडं बघायला लागले, मी दुसरीकडं बघायला लागले. शेवटी त्यांनी तो चिरा पडलेला अंगठा तिच्या अंगठ्याशेजारी टेकवला.

मी दोरा घेऊन तांब्या शोधते तर तो जागेवर नाही. मोठ्या आईनं उचलला होता. कोपऱ्यातल्या रांजणात तळाला थोडं पाणी होतं, त्यात तिनं तो बुडवला, वर काढला, पदरानं तोंड पुसलं, आणि सरळ चालत आबांसमोर येऊन उभी राहिली. ना मला मधे घेतलं, ना शेळीला.

"भावजी, घ्या."

आबांचे हात पुढं येईनात. काठावरल्यासारखे उभेच राहिले ते.

"प्या," ती म्हणाली. "पानीच हाय."

आबा प्यायले. उभ्याउभ्या, गटागटा, निम्मं अंगावर सांडत, दुष्काळाचं पाणी असून. ती रिकामा तांब्या घेऊन घरी गेली आणि तिच्या हयातीत तो ट्रंकेत आलाच नाही. ट्रंकेत कितीतरी वर्षं नुसती चिठ्ठीच होती, दोन अंगठ्यांची.